टाकी फुल ते टाकी फुल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. पहाटे ५.४०
दूध केंद्राचं शटर उघडलं, फॅटचं मशीन चालू केलं आणि ते तापेपर्यंत ही वही काढली. आजपासून रोजनिशी. गाडी घ्यायचा निर्णय पक्का झाला आहे. एवढा मोठा निर्णय नुसता तोंडी ठेवणं बरोबर नाही.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. सुकन्या (पत्नी) कंत्राटी नर्स आहे. दिवाळीनंतर तिला शेवगावजवळचं उपकेंद्र मिळालं. एकतीस किलोमीटर, साडेआठला सही. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात तीन लेट मार्क. कंत्राट मार्चअखेर संपतं, पुढचं हजेरी बघून मिळतं. काल जेवताना म्हणाली, पाडव्यापर्यंत गाडीचं काय ते बघा, नाहीतर मी तिकडेच रूम घेते, सुट्टीला येत जाईन. लग्नाला दोन वर्षं झाली आहेत. मी म्हणालो, पाडवा कशाला, महिन्याभरात गाडी दारात उभी करतो.

सकाळी सहा ते साडेआठ मी केंद्रावर असतो, त्यामुळे तिला बाईकवर सोडता येत नाही. म्हणूनच गाडी.

घ्यायची ती छोटी सेडानच. आईचं म्हणणं, डिकी नसलेली गाडी शेपूट तुटलेल्या म्हशीवानी दिसती. पतसंस्थेत दोन लाख चाळीस हजार आहेत. दीड लाख तिचे, नव्वद हजार माझे. नवीन गाडी, बाकीचं कर्ज.

संकल्प: घाई करायची नाही. कोणाच्या बोलण्यात यायचं नाही. आकड्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
चार गाड्या निवडल्या. नावं बाहेर फुटली तर डीलर भाव धरून बसतात, म्हणून वहीत गाईंची नावं दिली. गनीभाईंची जुनी चंदेरी गाडी ती जर्सी. श्रीगोंद्याच्या मेहुण्याची लांब गाडी ती एच.एफ. रंगनाथतात्यांची काळी ती गीर. शोरूममधली कोरी ती खिलार.

सुकन्येला सांगितलं. म्हणाली, दूध कोणती जास्त देते?

विनोद कळला, पण गंभीर विषयात विनोद नको.

९ नोव्हेंबर, रविवार
नगरला शोरूममध्ये गेलो. पंकजा नावाच्या मॅडम होत्या. कॉफी दिली. खिलारचा ॲव्हरेज चोवीस म्हणाल्या. मी विचारलं, कोणत्या रस्त्यावर? आमच्या रस्त्यावर मोजला का? शाळेसमोरचा गतिरोधक धरून मोजला का? हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागं पहिल्या गिअरमध्ये चालायला लागतं, ते धरून मोजला का? मॅडमनी आणखी एक कॉफी मागवली. प्रभाव पडला असावा.

टेपने डिकी मोजली. मागची सीट मोजली. जमिनीपासूनची उंची मोजायला गाडीखाली आडवा झालो तेव्हा वॉचमन धावत आला. दारावरच्या बोर्डवर ‘सेडॉन’ लिहिलं होतं, ते मॅडमच्या लक्षात आणून दिलं. दिवाळीची ऑफर अजून चालू आहे म्हणाल्या. मी हसलो. ऑफर असते म्हणजे माल जात नसतो. वर्षाअखेरीस याहून मोठी येणार. थांबायचं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पद्धत ठरली. कंपनीचा आकडा नको, आपला आकडा पाहिजे. ज्याची त्याची गाडी मागून आणायची. टाकी काठोकाठ फुल करायची. आपल्या रोजच्या रस्त्यावर फिरवायची. परत फुल करायची. जेवढं मावलं तेवढं प्यायली. साधी गोष्ट, पण अख्ख्या तालुक्यात कोणाला सुचली नाही.

शिवाय आपल्याकडे मागून आणलेली गाडी टाकी फुल करूनच परत देतात. म्हणजे रीतही पाळली जाते आणि आकडाही मिळतो.

१६ नोव्हेंबर, रविवार
गनीभाई कांद्याचे व्यापारी. स्वतः टेम्पोत बसतात. जर्सी चालवतात गौहरभाभी, शेवगावला शाळेवर शिक्षिका आहेत. सकाळी गाडी मागायला गेलो. गनीभाई म्हणाले, न्या की वाल्मिकशेठ, त्यात काय इचारायचं.

काटा लालच्याही खाली होता. फुल करायला तीन हजार सातशे लागले. पंपावरच्या माणसाने नोझल दोनदा काढून बघितलं, गळती आहे का म्हणून. म्हणाला, या गाडीत पाचशेच्या वर आजवर कधी टाकलं न्हाई.

साठ किलोमीटर फिरवली. परत फुल केली, दोनशे ऐंशी. आकडा आला बावीस. नेऊन दिली तेव्हा गनीभाईंनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. चहा पाजला. बिस्किटंही दिली. म्हणाले, आजून दोन-चार दिस ठेवायची हुती.

आदरातिथ्य शिकावं यांच्याकडून.

२३ नोव्हेंबर, रविवार
एक विचार रात्रभर डोक्यात होता. मी रविवारी रिकाम्या रस्त्यावर मोजलं. रोजचं ड्रायव्हिंग म्हणजे रोजचं. ट्रॅक्टर, शाळेची पोरं, बाजारचा दिवस, सगळं आलं पाहिजे. भाभी रोज त्याच रस्त्याने जातात. म्हणून त्यांना विनंती केली: रविवारी मी टाकी फुल करून देतो, आठवडाभर नेहमीसारखी चालवा, पुढच्या रविवारी मी परत फुल करतो. त्यांना काहीच करायचं नाही.

भाभी म्हणाल्या, खरंच काही करायचं नाही? म्हटलं, फक्त गाडीत माणसं किती ते सांगा, वजनावर फरक पडतो. म्हणाल्या, सध्या मी एकटीच असते. उद्यापासून दोघी असू.

नोंद: वजन दोन माणसं.

३० नोव्हेंबर, रविवार
जर्सी: एकवीस लिटर गेलं. आकडा अठराच्या आत. बावीसवरून अठरा! याला म्हणतात खरं परीक्षण. एका आठवड्याच्या आकड्यावर विसंबणं धोक्याचं. आणखी दोन आठवडे बघू.

सुकन्येला या आठवड्यात एकही लेट मार्क नाही. मी तिला सकाळचं वेळापत्रक लिहून दिलं होतं, त्याचा परिणाम.

७ डिसेंबर, रविवार
मेहुणे बिभीषणराव एच.एफ. घेऊन स्वतःच श्रीगोंद्याहून आले. म्हणाले, दाजी, ऐकलं तुमी गाड्या तपासताय, आमची पण घ्या की. त्यांना कसं कळलं विचारलं. म्हणाले, लई बोलबाला हाय तुमचा.

गाडी पंपापर्यंत ढकलत न्यावी लागली. टाकी मोठी आहे, चार हजार दोनशे. दोन दिवस फिरवली, परत भरायला आणखी साडेअकराशे. गाडी आरामशीर, पण पिते फार. तसं मेहुण्यांना सौम्य शब्दांत सांगितलं. म्हणाले, व्हय, म्हणूनच आणली.

१४ डिसेंबर, रविवार
गीर. रंगनाथतात्या वयस्क माणूस, त्यांना नाही म्हणवेना. तीन हजार नऊशे आणि नऊशे. गाडी दणकट. एका दमात उसाच्या दोन ट्रॉल्या ओलांडल्या. मनाशी म्हटलं, हीच. या आनंदात केंद्रामागे रिव्हर्स घेताना कॅन ठेवायच्या कट्ट्याला मागचा बंपर घासला. कट्टा चुकीच्या ठिकाणी बांधला आहे, हे मी पूर्वीही म्हणालो होतो.

तात्यांनी चष्मा लावला. गाडीभोवती फिरून म्हणाले, ह्यो वरखडा जुना असंल का नवा? मी खोटं बोलू शकत नाही. बंपरचं काम साडेसहा हजार.

त्यात फायदा एवढाच की दुरुस्तीचा खर्चही कळला. तक्त्यात तो कॉलम वाढवला.

२१ डिसेंबर, रविवार
सकाळी केंद्रावर दुधाची रांग संपली तरी रांग होती. नीट बघितलं तर तिघे जण गाड्यांच्या चाव्या घेऊन उभे. चौथा फोनवर होता. एकाची तर सेडानच नव्हती, जीप होती. म्हणाला, बघा की हिचं बी काय फॅट लागतंय ते.

लोकांचा माझ्या परीक्षणावर इतका विश्वास असेल असं वाटलं नव्हतं. बारावी विज्ञान अर्धवट राहिली याचं आज पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही. नाही म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान. चौघांच्या मिळून नऊ हजार नऊशे पन्नास.

आई दारात बसून बघत होती. म्हणाली, वाल्मिक, तुला गाडी घ्यायचीय का गाडीचं लगीन लावायचंय?

२९ डिसेंबर, सोमवार
पंकजा मॅडमचा फोन. वर्षाअखेरची ऑफर आहे, दोन दिवस उरले, परत मिळणार नाही. मी सांगितलं, जर्सीचा आकडा अजून स्थिर नाही, या रविवारी सतरा पॉइंट नऊ आला, आधी अठरा पॉइंट दोन होता, एवढ्या फरकावर निर्णय घेता येत नाही. मॅडम म्हणाल्या, सर, पण जर्सी म्हणजे आमची कोणती गाडी? गुप्तता टिकून आहे, हे बरं झालं.

१ जानेवारी २०२६, गुरुवार
किंमत वाढली.

संकल्प: या महिन्यात निर्णय. काहीही होवो.

११ जानेवारी, रविवार
नवीन वर्षात गाडी घेतली तर कागदावर गाडी नवीन वर्षाची दिसते, पुढे विकताना किंमत चांगली येते. म्हणजे डिसेंबरमध्ये थांबलो ते योग्यच झालं. वाढलेली किंमत त्यातून भरून निघेल. किती वर्षांत निघेल ते काढत होतो तर मशीन खरखरल्यासारखं वाटलं, पण ते मशीन नव्हतं, दूध घालायला आलेला माणूस ओरडत होता. त्याची किटली मी फॅट-एसएनएफऐवजी किलोमीटरच्या रकान्यात लिहिली होती.

जर्सी: आज परत फुल. दोन हजार एकशे सत्तर. आकडा स्थिर होत चालला आहे.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदन करून आल्यावर तक्ता पूर्ण केला. एकवीस रकाने. डिकीत चाळीस लिटरचे कॅन किती बसतात, एसी किती वेळात गार करतो, चिखल मडगार्डमध्ये कुठे अडकतो, सगळं. निकाल: खिलार पहिली, गीर दुसरी, एच.एफ. तिसरी, जर्सी शेवटची. जर्सीला मागे कप ठेवायला जागा नाही.

तक्ता सुकन्येपुढे ठेवला. तिने सगळा वाचला, खालपासून वरपर्यंत. मग म्हणाली, अहो, छान आहे. पण सकाळी सव्वासातला मला सोडणार कोण? म्हटलं, मी. म्हणाली, आणि फॅट कोण काढणार?

हा रकाना तक्त्यात नव्हता.

मी सांगितलं, गाडी एकदा दारात येऊ दे, मार्ग निघतो. ती हसली नाही. म्हणाली, शेवगावला एक रूम बघितली आहे, नळाला पाणी आहे, दोन हजार ॲडव्हान्स देऊन ठेवलाय, पाडव्यानंतर राहायला जाईन म्हटलंय. मग ताटं उचलून आत गेली. आई म्हणाली, आता बस तक्ता घिऊन.

जेवण नीट गेलं नाही. भाजी तिखट होती.

३ फेब्रुवारी, मंगळवार
उपाय सापडला: ड्रायव्हर ठेवायचा. पगार विचारला. पगार आणि हप्ता मिळून माझ्या केंद्राच्या कमिशनपेक्षा जास्त होतो. उपाय बाजूला ठेवला.

दुसरा उपाय: सकाळचं केंद्र आईकडे द्यायचं. आईला मशीन दाखवलं. आई म्हणाली, मला बोट बुडवून फॅट कळतं, मशीन कशाला. संस्थेला हे चालणार नाही. बाजूला ठेवला.

तिसरा उपाय शोधत आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार
गनीभाईंच्या दारात जर्सी नव्हती. आतून गौहरभाभींची सासू म्हणाली, गेल्यात दोघी गाडी शिकायला, येतील. दोघी कोण, विचारलं. म्हातारी म्हणाली, गौहर आन तुझी बायकू, दुसरं कोन.

ओट्यावर बसून राहिलो. थोड्या वेळाने जर्सी आली. सुकन्या चालवत होती. शेजारी भाभी. गतिरोधकावर गाडी अशी अलगद उतरवली की खालून जराही घासली नाही. मी एवढा वेळ उंची मोजली, पण असं उतरवायचं असतं हे माहीत नव्हतं.

चौकशी केली. नोव्हेंबरच्या चोवीस तारखेपासून ती रोज भाभींबरोबर जाते. लेट मार्क त्यामुळेच थांबले. जानेवारीपासून येताना थोडं थोडं चालवते. लर्निंग लायसन्सही काढलंय. मला का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाली, सांगितलं होतं, तीनदा. तुम्ही म्हणालात, थांब, दशांश चुकेल.

म्हणजे वजनाच्या रकान्यातली दुसरी व्यक्ती सुकन्या होती. आधी लक्षात आलं असतं तर नक्की वजन लिहिता आलं असतं. आणि म्हणजे एवढे दिवस तिला वेळेवर पोहोचवणारं पेट्रोल माझंच होतं. एका अर्थी मी तिला रोज सोडतच होतो. हे तिला सांगितलं. म्हणाली, हो, त्या एका अर्थाने.

मग गाडी बंद करून चावी भाभींना दिली आणि म्हणाली, पण भाभींची एप्रिलपासून बदली आहे, नगरला. मग पुढं काय, तेवढं सांगा.

१ मार्च, रविवार
नगरला गेलो. आज बुकिंग करायचंच, असं ठरवून गेलो होतो. पंकजा मॅडम म्हणाल्या, सर, पाडव्याची डिलिव्हरी हवी तर खिलारचा एकच पीस शिल्लक आहे, लाल. मी म्हणालो, लाल रंग उन्हात किती तापतो त्याची माहिती नाही, थर्मामीटर आणतो. घरी आलो. थर्मामीटर घेतला. गावात लाल गाडी कोणाचीच नाही. केंद्राबाहेरची लाल बादली दुपारभर तपासली.

संध्याकाळी सुकन्या कपडे इस्त्री करत होती. पिशवीत भरत होती. मी विचारलं, कुठं? म्हणाली, अजून कुठंच नाही, लावून ठेवतेय.

४ मार्च, बुधवार
मॅडमना फोन केला. लाल गाडी गेली. कोणी घेतली, विचारलं. म्हणाल्या, तुमच्याच गावचे आहेत, म्हणाले तुमच्याकडून माहिती घेऊन आलोय. गनीभाई.

८ मार्च, रविवार
गनीभाईंकडे गेलो. जाब विचारायलाच गेलो होतो. त्यांनी मिठी मारली. म्हणाले, वाल्मिकशेठ, सुकन्याताईंनी दावला तवाच तुमचा सगळा तक्ता फोटो काढून ठिवलाय मी, अख्ख्या तालुक्यात अशी माहिती न्हाई कुनाकडं, पयला नंबर खिलारीचा, मंग मी दुसरी कशाला घिऊ? आन चार म्हैनं पेट्रोलला पैसाच लागला न्हाई, त्यातूनच बुकिंग भरलं. अल्ला तुमचं भलं करो.

तोंडात खिरीचा चमचा होता म्हणून जाब विचारता आला नाही. रमजान चालू आहे, ते स्वतः उपाशी होते, मला मात्र आग्रहाने वाढलं.

निघताना म्हणाले, सुकन्याताईंनी जर्सीचं इचारलंय. तुमाला ठाऊक असंलच. एक पंच्याहत्तरला देतो म्हनलो. घरचीच हाय.

मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, हो, आमचं बोलणं चालू आहे.

जर्सी तक्त्यात चौथी आहे. मागे कप ठेवायला जागा नाही.

१६ मार्च, सोमवार
सुकन्येला पक्कं लायसन्स मिळालं. परीक्षेला जर्सीच नेली होती. पुढच्या वर्षीचं कंत्राटही होणार असं कळलं, लेट मार्क फक्त सुरुवातीचे, चोवीस नोव्हेंबरनंतर एकही नाही. तिने जर्सीसाठी दीड लाख काढले आणि बाकी पंचवीस हजार माझ्याकडे मागितले. म्हणाली, तुमचे नव्वद आहेत ना.

पासबुक भरून आणलं. शिल्लक चोवीस हजार सातशे पंच्याऐंशी.

सुकन्येने पासबुकाची मागची पानं उलटली. मला वाटलं आता रडेल. मग इतकी हसली की आई आतून पीठ भरल्या हातांनी धावत आली. तिला सांगितल्यावर ती पण खाली बसली. उरलेले आईने कनवटीच्या पिशवीतून काढून दिले. मोजून, सुट्टे.

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा. सकाळी ११
गुढी उभारली. गनीभाईंकडे नवी लाल गाडी आली आणि आमच्या दारात जर्सी आली. आईने ओवाळलं, डिकीवर हात फिरवून म्हणाली, शेपूट हाय, झालं. सुकन्येने रूमवाल्याकडून ॲडव्हान्स परत आणला आणि इस्त्रीचे कपडे कपाटात ठेवले. ते मी दोनदा उघडून बघितलं.

काटा लालच्या खाली. मागून आणलेली गाडी फुल करून देतात, विकलेली देत नाहीत, असं गनीभाई म्हणाले. रीत तशीच असेल.

सुकन्येने गाडी पंपावर नेली. मी मागच्या सीटवर, कारण पुढे आई. चहाचा कप हातात धरून बसलो, सांडला नाही. चार महिन्यांनी तक्त्यातला एक रकाना खोटा ठरला.

हिशोब, गाड्यांची तुलना:
जर्सी, पहिली टाकी, साठ किलोमीटर आणि नंतरचे पंधरा आठवडे: ३६,५३०
एच.एफ.: ५,३५०
गीर: ४,८००, बंपर वेगळा ६,५००
आपणहून आलेल्या चार गाड्या: ९,९५०
नगरच्या फेऱ्या: १,७००
टेप, थर्मामीटर, वह्या: ३८५
एकूण खर्च: ६५,२१५

गाडीत माझा वाटा: २४,७८५. संपला.
आईचं देणं: २१५
आजच्या टाकीचं, सुकन्येचं देणं: ३,६८०
येणं: काही नाही.

सुकन्या म्हणाली, व्याज नको, केंद्रावर जायच्या आधी रोज पहाटे काच पुसून ठेवत जा. मी मीटर बघून ठेवला आहे. ॲव्हरेज ती काढणार आहे.